बदलीची ऑर्डर आली की मागचं चाक उघडा

लाईनीत मोटरसायकलवर गप्पा निघाल्या की त्या इंजिनावरच होतात. पिस्टन, कार्बोरेटर, सायलेन्सरचा आवाज, ॲव्हरेज. मागच्या चाकाचा विषय कुणी काढत नाही. टायर गुळगुळीत झाला किंवा चेन कव्हरला घासून खडखडायला लागली, तरच तिकडे नजर जाते. माझं मत नेमकं उलट आहे. साठ-सत्तर हजार किलोमीटर झालेल्या गाडीत आधी बघायची जागा म्हणजे मागचं चाक. इंजिन बिघडलं तर गाडी थांबते. मागचं चाक बिघडलं तर माणूस पडतो.

माझ्या साडेतीनशे सीसीच्या बुलेटला आता शहाऐंशी हजार किलोमीटर झालेत. राजस्थान, आसाम, लडाख, मग केरळचा किनारा आणि सध्या पंजाब. या फिरतीतून माझा एक नियम तयार झाला आहे, आणि तो प्रत्येक फौजीने पाळावा असं मला वाटतं: बदलीची ऑर्डर हातात पडली की निघण्याआधी मागचं चाक पूर्ण उतरवायचं. चेन, दोन्ही स्पॉकेट, हब रबर, बेरिंग, ब्रेक, तारा, स्विंगआर्म, सगळं एकाच बैठकीत बघायचं. आणि हे काम शक्यतो स्वतःच्या हाताने करायचं.

किलोमीटरचा हिशोब सोडून बदलीचा हिशोब का धरायचा, ते आधी सांगतो. कंपनीचं पुस्तक एक सरासरी रस्ता आणि एक सरासरी माणूस गृहीत धरून लिहिलेलं असतं. आपण सरासरी रस्त्यावर राहत नाही. दर दोन-तीन वर्षांनी आपला देशच बदलल्यासारखा होतो, आणि प्रत्येक जागा मागच्या चाकाला वेगळ्या पद्धतीने खाते.

जैसलमेरकडे वाळू आहे. चेनला तेल लावून वाळूत गाडी घातली की तेल आणि वाळू मिळून पॉलिश पेस्ट बनते आणि ती पिना घासत राहते. तिथे जास्त तेल लावणारा माणूस चेनचं नुकसानच करतो. पातळ थर लावायचा, थोडा वेळ मुरू द्यायचा आणि वरचं सगळं कापडाने पुसून काढायचं.

आसाममध्ये आणि तिथून वर तवांगच्या रस्त्याला उलटं आहे. पाऊस चेन धुऊन काढतो. संध्याकाळी लावलेलं तेल दुसऱ्या दिवशी दुपारी नसतं, आणि एका रात्रीत कड्यांवर तांबूस गंज चढतो. पुस्तकं साधारण पाचशे किलोमीटरला चेनला वंगण द्या म्हणतात. तिथल्या पावसाळ्यात मी रोज संध्याकाळी द्यायचो, दिवसभरात चाळीस किलोमीटर झाले असले तरी.

लडाखमध्ये नाले आहेत. दुपारी बर्फ वितळलं की पाणी वाढतं आणि रस्त्यावरून वाहतं. ब्रेक दाबत उतरून आलेला हब गरम असतो. तो त्या बर्फाच्या पाण्यात बुडाला की आतली हवा एकदम आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढून घेते. बेरिंगमधल्या ग्रीसचं दुधासारखं पाणी होतं. त्या दिवशी काहीच कळत नाही. कळतं ते दोन-तीन महिन्यांनी, बहुतेक सुट्टीवर घरी निघाल्यावर.

किनाऱ्यावर खारी हवा आहे. तिथे तारांचे निपल रिममध्ये धरतात, आणि एक्सल आतल्या नळीत असा घट्ट बसतो की हातोडीशिवाय हलत नाही.

आणि पाचवी जागा म्हणजे फील्ड पोस्टिंग. तिथे गाडी नेताच येत नाही. ती फॅमिली क्वार्टरच्या मागे किंवा गावी गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली आठ-आठ महिने उभी असते. लोकांना वाटतं, चाललीच नाही तर झिजेल कशी? पण उभी गाडीही बिघडते. चेनचा जो भाग स्पॉकेटला वळसा घालून असतो, तिथल्या कड्या वाकलेल्या स्थितीतच गंजून अखडतात. पाणी शिरलेलं बेरिंग फिरत नाही, म्हणून एकाच जागी गंजतं. मीटरवर शून्य किलोमीटर वाढतात आणि मागचं चाक निकामी होतं. हे किलोमीटरच्या हिशोबात कुठे बसवणार?

आता कामाचं बोलू. सगळ्यांत मोठा गैरसमज चेनबद्दल आहे. "चेन ताणली गेली" असं आपण म्हणतो, पण लोखंड रबरासारखं ताणलं जात नाही. प्रत्येक कडीत पिन आणि बुश एकमेकांवर घासून थोडी थोडी झिजतात, आणि त्या झिजेची बेरीज म्हणजे चेनची वाढलेली लांबी. शंभर कड्यांची पाच-अष्टमांश इंचाची चेन नवी असताना सुमारे १५८८ मिलिमीटर भरते. ती एक टक्का वाढली म्हणजे सोळा मिलिमीटर. प्रत्येक कडीत फक्त ०.१६ मिलिमीटर झीज, तीही डोळ्याला न दिसणारी.

म्हणून मोजायचं. चेन ताणून धरायची आणि एका पिनेच्या मध्यापासून एकविसाव्या पिनेच्या मध्यापर्यंत, म्हणजे वीस कड्यांचं अंतर घ्यायचं. पाच-अष्टमांश इंचाच्या चेनला, म्हणजे ज्यांचा नंबर ५ ने सुरू होतो (५२०, ५२५, ५३०), हे अंतर नवं असताना ३१७.५ मिलिमीटर असतं. ३२३ च्या आसपास आलं की चेन संपली. शंभर-दीडशे सीसीच्या गाड्यांवर बहुतेक ४२८ नंबरची, अर्ध्या इंचाची चेन असते. तिथे नवं अंतर २५४ आणि मर्यादा साधारण २५९. तुमच्या गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तो खरा. तीन-चार ठिकाणी मोजा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. याच कारणाने चेनचा ढिलेपणा ठरवतानाही चाक फिरवत जी जागा सगळ्यांत घट्ट लागते तिथेच तो तपासायचा. ढिल्या जागेवर तपासून ॲडजस्ट केली तर घट्ट जागा गिअरबॉक्सचं बेरिंग ओढत राहते.

दुसरा गैरसमज: चेन नवी, स्पॉकेट जुनं. जुन्या स्पॉकेटचे दात झिजलेल्या चेनच्या लांबलेल्या मापाला बसलेले असतात. त्यावर नवी चेन घातली की ती काही हजार किलोमीटरांत जुन्यासारखी होते. दात एका बाजूला आकड्यासारखे वाकलेले दिसले तर तिन्ही एकत्र बदलायचे. पुढच्या स्पॉकेटला दात कमी, म्हणून प्रत्येक दातावर फेरे जास्त आणि झीजही लवकर. पण जुन्या बुलेटमध्ये ते काढायला क्लचची बाजू उघडावी लागते, म्हणून नेमकं तेच मागे राहतं. कामाला ठरवताना हे तोंडाने सांगून घ्या.

पण मला खरं बोलायचं आहे ते चेनच्या पलीकडचं. आपल्याकडे गाडी गॅरेजमध्ये नेली की एकच वाक्य असतं, "चेन सेट डाल दो." चेन सेट पडतो, गाडी गुळगुळीत चालते, माणूस खूश. हबच्या आत काय चाललंय ते कुणी बघत नाही.

शेजारच्या कंपनीतल्या एका नाईकाची गोष्ट सांगतो. त्याची गाडी सत्तर हजारांच्या पुढे गेलेली. सुट्टीवर निघण्याआधी त्याने एका गॅरेजमधून नवा चेन सेट बसवून घेतला. बेरिंग जुनीच, हब रबर जुनंच. राजस्थानात हायवेला सत्तरच्या वेगात स्पॉकेटच्या बाजूचं बेरिंग फुटलं. बेरिंग गेलं तसं स्पॉकेट तिरकं झालं, चेन उतरली, स्पॉकेट आणि स्विंगआर्मच्या मध्ये अडकली आणि चाक जाम झालं. मागे ट्रक नव्हता म्हणून तो वाचला. पाय दोन ठिकाणी मोडला. मेडिकल कॅटेगरी खाली आली आणि त्या वर्षीचं प्रमोशन कॅडर हातचं गेलं. हवालदाराची पट्टी लागायची ती लागली नाही. त्या मेकॅनिकवर मी खापर फोडणार नाही. त्याला चेन सेट टाकायला सांगितलं होतं, त्याने टाकला. चूक त्या सवयीची आहे, जी मागच्या चाकाला चेन सेट समजते.

म्हणून चाक उतरवण्याआधीच हाताने तपासा. गाडी मेन स्टँडवर घ्या. टायर वर आणि खाली धरून हलवा. खट् असा आवाज आला किंवा खेळ जाणवला तर बेरिंग गेलं. मग चाक सोडून स्विंगआर्मचं टोक धरा आणि आडवं हलवा. इथे खेळ असेल तर बुश गेले, आणि मग चाक कितीही सरळ बसवलं तरी गाडी वळणावर शेपूट हलवणार. ब्रेक दाबून ठेवून मागचं स्पॉकेट हाताने पुढे-मागे फिरवून बघा. थोडं दबून परत येणं ठीक. सैल फिरत असेल तर आतलं रबर संपलं. ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दिला की जो झटका बसतो, त्याचं एक कारण हे. आपण चेन घट्ट करून तो झटका घालवायला बघतो आणि गिअरबॉक्सवर जास्त भार टाकतो. शेवटी तारा. पान्याने एकेक तार वाजवा. घट्ट तार टण्ण वाजते, ढिली थप् करते.

मग चाक उतरवा. सुटे भाग ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने कापडावर मांडा आणि मोबाईलवर फोटो काढा. ड्रम ब्रेकची धूळ फुंकू नका, हवाही मारू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो आणि तो छातीत जाऊन बसतो. ओल्या फडक्याने पुसा. ब्रेकच्या कॅमला बोटभर नव्हे, नखभर ग्रीस. जास्त लावलं तर ते गरम होऊन लायनरवर उतरतं.

बेरिंग बोटाने फिरवून बघा. खरखर लागली, अडकलं किंवा ग्रीस पांढरं झालेलं दिसलं, तर विचार करू नका, बदला. नवं बसवताना ठोक फक्त बाहेरच्या रिंगवर. आतल्या रिंगवर ठोकलं तर बेरिंगच्या गोळ्यांवर मार बसतो आणि नवं बेरिंग बसवतानाच खराब होतं. दोन बेरिंगांच्या मध्ये एक नळी असते. दिसायला अगदी फालतू. पण ती विसरली किंवा दबलेली तशीच घातली, तर एक्सल कसताना दोन्ही आतल्या रिंगा एकमेकींकडे ओढल्या जातात आणि बेरिंग आडव्या भाराने मरतं. नवं बेरिंग पुन्हा पुन्हा जातंय अशी तक्रार घेऊन कुणी आला की मी आधी त्या नळीबद्दल विचारतो.

चेन धुवायला रॉकेल चालतं, पेट्रोल नको. ओ-रिंगवाली चेन असेल तर तारेचा ब्रशही नको, कारण त्या रबरी रिंगांनीच पिनेचं ग्रीस आत धरून ठेवलेलं असतं. धुऊन, सुकवून नव्वद नंबरचं गिअर ऑइल लावलं तरी पुष्कळ. चेन लॉकची क्लिप असेल तर तिचं बंद टोक चेन ज्या दिशेला धावते त्या दिशेला. आणि एक गोष्ट ओरडून सांगतो: इंजिन चालू ठेवून, गाडी गिअरमध्ये टाकून फिरत्या चेनवर फडकं धरू नका. फडकं ओढलं जातं आणि त्याच्यामागून बोट जातं. आपल्या पेशात बोटाची किंमत काय असते ते वेगळं सांगायला नको. चाक हाताने फिरवा.

परत बसवताना स्विंगआर्मवरच्या खुणांवर विसंबू नका. त्या ढोबळ असतात. स्विंगआर्मच्या पिव्होटच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी मोजा. अंतर सारखं आलं पाहिजे. टॉर्क आर्मचा नट आणि त्याची कॉटर पिन विसरू नका. ती निसटली तर ब्रेक लावल्याबरोबर ब्रेकप्लेटच फिरते. कॉटर पिन दर वेळी नवी घाला. एक्सल पुस्तकातल्या आकड्याला टॉर्क रेंचने कसा. पन्नास किलोमीटर चालवून पुन्हा सगळं तपासा. आणि सामान, जोडीदार घेऊन लांब जाणार असाल तर लोड चढवून चेन एकदा बघा. माणूस बसल्यावर स्विंगआर्म वर जातो, आणि गिअरबॉक्सचं स्पॉकेट, पिव्होट आणि एक्सल एका रेषेत आले की चेन सगळ्यांत जास्त ताणली जाते. रिकाम्या गाडीवर बरोबर वाटलेली चेन तिथे तारेसारखी होते.

यावर दोन आक्षेप मी नेहमी ऐकतो. पहिला: हे मेकॅनिकचं काम आहे, आपण कशाला हात काळे करायचे? चांगल्या मेकॅनिकबद्दल मला आदर आहे. हब गरम करून बेरिंग ठोकणं जमत नसेल तर त्याच्याकडेच जा. पण तुमची गाडी कुठल्या नाल्यातून गेली, किती महिने ताडपत्रीखाली होती, हे त्याला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे. आणि ज्याने एकदा चाक स्वतः उतरवलंय, त्याला पांगजवळ किंवा कोसी कलानजवळ रात्री नऊ वाजता आवाज आला तर तो काय आहे ते कळतं. थांबायचं की पुढच्या गावापर्यंत हळू जायचं, हा निर्णय कुठलाही मेकॅनिक फोनवर घेऊ शकत नाही.

दुसरा आक्षेप: वेळ कुठे आहे? याचं उत्तर आपल्याच एमटी लाईनमध्ये आहे. सरकारी गाडीला डायरी असते, ठरलेल्या दिवसाची मेंटेनन्स परेड असते, तिची तपासणी होते. कुठल्याही ड्रायव्हरला विचारा, तो तुम्हाला त्याच्या गाडीचं शेवटचं ग्रीसिंग कधी झालं ते सांगेल. त्याच ड्रायव्हरला त्याच्या स्वतःच्या मोटरसायकलचं बेरिंग कधी बदललं ते विचारा. तो हसेल. ईएमईचं ब्रीद आहे 'कर्म ही धर्म'. हा धर्म गेटच्या आतच का थांबतो? ज्या गाडीवर आपण दोन हजार किलोमीटर घरी जातो, जिच्या मागे बायको आणि टाकीवर पोरगं बसतं, तिला एक चाळीस पानी वहीसुद्धा मिळत नाही.

माझी सूचना साधी आहे. युनिटने वर्षातून दोन रविवार खाजगी मोटरसायकलींसाठी ठेवावेत. एक पावसाळ्यानंतर, एक सुट्ट्यांचा हंगाम सुरू होण्याआधी. कार्यशाळेतला एखादा जाणता हवालदार उभा राहील, बाकीचे आपापलं चाक उतरवतील. ग्रीस, रॉकेल, बेरिंग ज्याचं त्याने आणावं. सरकारी डब्यातलं ग्रीस खाजगी हबला लावायचं नाही, ते सरळ चोरी आहे आणि त्यात एक चांगली प्रथा बदनाम होईल. सरकारचं काहीच लागणार नाही. फक्त जागा, सावली आणि शिकवणारा माणूस. रस्त्यावर हेल्मेट घाला म्हणून आपण जवानाला शंभर वेळा बजावतो, आणि ते बरोबरच आहे. पण हेल्मेट पडल्यानंतर उपयोगी पडतं. मागचं चाक पडूच नये म्हणून बघायचं असतं.

युनिटने केलं तर उत्तम. नाही केलं तरी वही तुम्हाला कुणी अडवत नाही. चार रकाने पुरे: तारीख, मीटर, काय केलं, आणि गाडी कुठल्या जागेत होती. शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. दोन पोस्टिंगनंतर ती वही तुम्हाला कंपनीच्या पुस्तकापेक्षा जास्त सांगायला लागेल. गाडीसाठी रेल्वेचं पार्सल बुक करायचं असेल तरी टाकी रिकामी करावीच लागते, म्हणजे गाडी एक दिवस उभीच असते. तो दिवस मागच्या चाकाला द्या. ऑर्डर आली की ट्रंक भरायच्या आधी पाना काढा.